ऑर्लँडोच्या थीम पार्क सहलीसाठी गाडी भाड्याने घ्यावी की नाही?

गुलमोहर (प्रश्न)

मेअखेरीस आम्ही नऊ दिवसांसाठी फ्लोरिडातील ऑर्लँडोला जाणार आहोत. आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई असे पाच जण आहोत. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे फार वेळ चालता येत नाही. परंतु नातवंडांबरोबर ही सहल करण्याची त्यांची मनापासून इच्छा आहे, आणि ती त्यांना कष्टाची होऊ नये, ही माझी मुख्य चिंता आहे.

चार दिवस वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, दोन दिवस युनिव्हर्सल आणि एक दिवस केनेडी स्पेस सेंटर असा बेत ठरला आहे. मुक्कामाचे मात्र अजून ठरलेले नाही. एक पर्याय डिस्नेच्या आवारातील हॉटेलचा आहे, तर दुसरा ऑर्लँडोजवळच्या किसिमी शहरात स्वयंपाकघरासह संपूर्ण घर भाड्याने घेण्याचा आहे आणि तो बराच स्वस्त पडतो. माझ्या यजमानांना गाडी चालवण्याचा वीस वर्षांचा अनुभव आहे, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने त्यांनी कधीच गाडी चालवलेली नाही. गाडीचे रोजचे भाडे पाहता ती घ्यावी असे वाटते. मात्र डिस्नेच्या बस मोफत असतात असेही वाचले, आणि मग गाडी नऊ दिवस उभीच राहील की काय, अशी शंका येते. ज्यांनी अशी सहल केली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सागरगोटा

मी कुटुंबासह ही सहल दोनदा केली आहे, एकदा संपूर्ण काळ गाडी घेऊन आणि एकदा जवळजवळ गाडीविना. त्या अनुभवावरून सांगतो की, आपण गाडीचा प्रश्न आधी आणि मुक्कामाचा नंतर सोडवू पाहत आहात, तो क्रम उलटा करावा. किसिमीतील घर घेतले तर गाडीवाचून गत्यंतर नाही, कारण तेथून डिस्नेची बस नाही, आणि पाच माणसांना दिवसातून दोनदा टॅक्सी करावी लागली तर घरभाड्यात वाचलेले पैसे तेथेच संपतात. डिस्नेच्या आवारात राहिलात तर पार्कचे चार दिवस गाडीची गरज पडत नाही.

हे आवार किती मोठे आहे याची कल्पना नकाशावरून येत नाही. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या या परिसरात चार मुख्य पार्क एकमेकांपासून कित्येक किलोमीटर दूर आहेत : १९७१ सालचे मॅजिक किंगडम, १९८२ सालचे एपकॉट, १९८९ सालचे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ सालचे अ‍ॅनिमल किंगडम. हॉटेलांमधून प्रत्येक पार्कला मोफत बस जाते, आणि काही हॉटेलांना मोनोरेल, बोट किंवा २०१९ साली सुरू झालेली स्कायलायनर ही हवाई पाळण्यांची सेवा जोडलेली आहे. आपण पाच जण असल्यामुळे चौघांच्या खोल्या असलेली हॉटेले आपोआप बाद होतील. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलात सहा जणांपर्यंतच्या कौटुंबिक खोल्या आहेत आणि स्कायलायनर तेथूनच एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओज या दोन्ही पार्ककडे जाते, म्हणून ते अवश्य पाहावे. मेअखेरीस दुपारी विजांसह पाऊस येण्याची शक्यता असते आणि विजा जवळ आल्या की स्कायलायनर थांबवतात. अशा वेळी बसने परतावे लागते, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता एक गोष्ट, जी पहिल्या वेळी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. मॅजिक किंगडमला गाडीने जाणे हे बसने जाण्यापेक्षा अधिक कष्टाचे आहे. तेथील पार्किंग पार्कच्या दाराशी नसून तलावाच्या अलीकडच्या तीरावर आहे. गाडी लावायची, ट्रामने किंवा पायी प्रवासी केंद्रापर्यंत जायचे, तेथून मोनोरेल किंवा फेरीबोट पकडायची, आणि मग पार्कचे प्रवेशद्वार येते. टॅक्सीसुद्धा त्या अलीकडच्या केंद्रापाशीच सोडते. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र थेट प्रवेशद्वाराजवळ उतरवते. आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. रात्री आतषबाजी संपल्यावर हजारो माणसांसह बोटीच्या रांगेत उभे राहून, झोपलेले मूल खांद्यावर घेऊन, वाहनतळावर आपली ओळ शोधत फिरणे आम्ही अनुभवले आहे. माझ्या आईला त्या रात्री जो त्रास झाला त्याचे वाईट मला आजही वाटते.

इतर तीन पार्कचे गणित वेगळे आहे. तेथे पार्किंग प्रवेशद्वारासमोरच असल्याने गाडी बसपेक्षा वेगवान ठरू शकते.

हिशेबवही

वरील उत्तराशी मी सहमत आहे. खर्चाबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण संकेतस्थळावर दिसणारे रोजचे भाडे आणि परतताना कार्डावरून कापली गेलेली रक्कम यांत किती अंतर असते हे मला चांगलेच ठाऊक आहे.

सर्वांत महत्त्वाचा भाग विम्याचा. अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या गाडीचा विमा बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो, म्हणून तेथील लोक काउंटरवरचा विमा नाकारण्याचा सल्ला देतात. बाहेरून येणाऱ्याने तो सल्ला ऐकू नये. आपल्याला दोन वेगळी संरक्षणे हवीत : भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचे, आणि आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचे किंवा नुकसानीचे. क्रेडिट कार्डाबरोबर काही वेळा पहिले मिळते, दुसरे सहसा मिळत नाही. आणि तिकडच्या एका अपघाताचे रुग्णालयाचे देयक संसाराची घडी विसकटू शकते. आरक्षण करतानाच दोन्ही समाविष्ट असलेला दर निवडावा आणि त्याच दराची इतर पर्यायांशी तुलना करावी.

त्यानंतर पार्किंग. बाहेर राहणाऱ्यांना डिस्नेच्या पार्कमध्ये गाडी लावण्यासाठी दिवसाला किमान ३० डॉलर धरून चालावे. एकदा पैसे भरले की त्याच दिवशी दुसऱ्या पार्कलाही ते चालतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कचे पार्किंग मोफत आहे, आणि २०२३ पासून हॉटेलात रात्री गाडी ठेवण्याचेही पैसे पडत नाहीत. युनिव्हर्सलच्या हॉटेलांत मात्र रात्रीच्या पार्किंगचे वेगळे शुल्क असते. शेवटी विमानतळावरून गाडी घेतल्यास त्यावर विमानतळाचे अधिभार चढतात, म्हणून शहरातील शाखेचा दरही पाहावा. फक्त त्या शाखा संध्याकाळी लवकर बंद होतात आणि रविवारी काही उघडतच नाहीत.

टोलविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगते. विमानतळावरून ५२८ किंवा ४१७ या रस्त्यांनी निघालात की टोल लागतो आणि रोखीने भरण्याची सोय अनेक ठिकाणी उरलेली नाही. मी ज्या कंपनीची गाडी घेतली होती तिने टोलच्या सेवेचे शुल्क भाड्याच्या प्रत्येक दिवसासाठी लावले, जरी आम्ही टोल रस्ता केवळ दोन दिवस वापरला होता. यावर उत्तम उपाय ऑर्लँडो विमानतळावरच आहे. पाहुण्यांसाठीचा टोल पास अ‍ॅपवरून आधी आरक्षित करता येतो, विमानतळावरील यंत्रातून तो घ्यायचा, आरशाला टांगायचा आणि परतताना पेटीत टाकायचा. पैसे फक्त प्रत्यक्ष टोलचे लागतात. काउंटरवर कंपनीची टोल सेवा नको असल्याचे स्पष्ट सांगावे आणि करारपत्रावर ते तपासून मगच सही करावी.

वाटसरू

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्येष्ठ व्यक्ती आणि चार वर्षांचे मूल बरोबर असताना मी गाडी नऊही दिवस ठेवीन. बस मोफत आहे हे खरे, पण ती आपल्या वेळेने येत नाही. वीस मिनिटे थांब्यावर उभे राहणे निरोगी माणसाला काहीच वाटत नाही, गुडघे दुखणाऱ्याला ती शिक्षा असते. शिवाय बसमध्ये चढताना बाबागाडी घडी करावी लागते, त्यामुळे झोपलेल्या मुलीला उठवावे लागेल. डिस्नेची बस एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट जात नाही. दुसरीकडे जेवायला जायचे तर मध्ये बदलावी लागते. भर उन्हात दुपारी बारा वाजता आजीला थकवा आला, तर एकाने तिला गाडीतून लगेच खोलीवर न्यावे आणि बाकीच्यांनी पार्कमध्ये थांबावे, ही मोकळीक मला दोन-तीनशे डॉलरपेक्षा मोलाची वाटते.

मॅजिक किंगडमबद्दल सागरगोटा यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य. तेथे गाडी हॉटेलात ठेवून बसनेच जावे.

एक सूचना आणखी. गाडी घ्या किंवा घेऊ नका, सासूबाईंसाठी संपूर्ण मुक्कामाची चाकाची खुर्ची भाड्याने घ्या. पार्कमध्ये खुर्च्या मिळतात, परंतु त्या आत शिरल्यावर मिळतात, आणि खरी पायपीट त्यापूर्वी वाहनतळापासून सुरू होते. डिस्नेच्या बसमध्ये खुर्चीसाठी उतरता फळा आणि राखीव जागा असते. गाडी घेणार असाल तर खुर्ची, बाबागाडी आणि पाच जणांच्या बॅगा एकाच वेळी मावतील अशी मोठी गाडी निवडावी. पाच आसने आहेत म्हणजे पाच प्रवाशांचे सामान बसेल, असे मुळीच नाही.

सागरगोटा

वाटसरू यांचा मुद्दा वजनदार आहे, आणि अ‍ॅनिमल किंगडमसारख्या बसखेरीज दुसरी सोय नसलेल्या पार्कच्या दिवशी मीही गाडीच पसंत करीन. तरीही एक प्रश्न उरतो : ती गाडी चालवणार कोण? नऊ दिवसांच्या प्रवासात ज्याला रोज सकाळी आय-४ महामार्गाच्या गर्दीत, अपरिचित बाजूने गाडी चालवायची आहे, त्याची सुट्टी कशी होणार? विमानाच्या लांब प्रवासानंतर, झोप अर्धवट असताना, विमानतळावरून तडक गाडी घेऊन निघणे तर मी कोणालाही सुचवणार नाही. डिस्नेची विमानतळावरून येणारी मोफत बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली असली, तरी पैसे देऊन मिळणारी बससेवा आणि मोठ्या टॅक्सी उपलब्ध आहेत. पहिल्या रात्री त्यांपैकी एखाद्या वाहनाने हॉटेलात यावे, चार दिवस डिस्नेमध्ये बसने फिरावे, आणि झोपेचे चक्र सावरल्यावर गाडी घ्यावी.

आपल्या बेतात गाडी अपरिहार्य असा दिवस मला एकच दिसतो, तो केनेडी स्पेस सेंटरचा. डिस्नेपासून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. टॅक्सीने जाणे महाग आणि परतीची टॅक्सी वेळेवर मिळेलच याची खात्री नाही. डिस्ने ते युनिव्हर्सल ही मोफत सेवा नसली, तरी ते अंतर टॅक्सीने सहज पार होते. उलट, ते दोन दिवस युनिव्हर्सलच्याच हॉटेलात मुक्काम हलवला तर तोही प्रश्न मिटतो. मात्र मे २०२५ मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स हे त्यांचे नवे पार्क जुन्या दोन पार्कपासून काही किलोमीटर दूर आहे, म्हणून हॉटेल निवडताना आपण कोणत्या पार्कला जाणार हे आधी ठरवावे.

गुलमोहर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी ही उत्तरे समोर ठेवून पुन्हा हिशेब केला. किसिमीच्या घरात गाडीचे नऊ दिवसांचे भाडे, दोन्ही प्रकारचा विमा आणि चार दिवसांचे पार्किंग मिळवल्यावर दोन पर्यायांतला फरक आम्हाला वाटत होता त्याच्या निम्म्याहून कमी उरला. त्यामुळे पाच रात्री डिस्नेच्या आवारात आणि तीन रात्री युनिव्हर्सलजवळ असे ठरवत आहोत. गाडी डिस्नेतील शेवटच्या दोन दिवसांसाठी घेऊ : पहिल्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम, म्हणजे वाहनतळ समोरच असेल आणि यजमानांना आवारातल्या आवारात उजव्या बाजूचा सराव होईल, आणि दुसऱ्या दिवशी केनेडी. चाकाची खुर्ची पहिल्या दिवसापासूनच घेणार आहोत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी प्रथमच प्रवासाच्या कपड्यांचा विषय काढला.

दोन शंका उरल्या आहेत. भारतीय परवाना तेथे चालतो का? आणि चार वर्षांच्या मुलीसाठी वेगळी सीट बंधनकारक आहे का?

हिशेबवही

इंग्रजीत छापलेला वैध भारतीय परवाना पर्यटकाला फ्लोरिडात चालतो. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्षासाठी असतो, काही भाडेकंपन्या तो मागतात, आणि मूळ परवान्याविना तो ग्राह्य धरत नाहीत, म्हणून दोन्ही बरोबर ठेवावेत. गाडी आणि क्रेडिट कार्ड दोन्ही यजमानांच्याच नावाने असावीत, कारण अनामत रक्कम चालकाच्या कार्डावर रोखून धरली जाते.

सीट बंधनकारक आहे. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना स्वतंत्र सीट लागते आणि चार व पाच वर्षांच्या मुलांना सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचा पट्टा नीट लागू देणारी बैठक) लागतो. डिस्नेच्या बसमध्ये त्याची गरज नसते. भाडेकंपनीची सीट दिवसाच्या दराने मिळते आणि ती कोणत्या अवस्थेत असेल हे सांगता येत नाही, म्हणून घडी होणारा हलका बूस्टर घरूनच न्यावा. टॅक्सीतही तोच वापरता येईल. आपल्या यजमानांना दोन नियम मात्र निघण्यापूर्वीच सांगून ठेवा : पाऊस पडत असताना हेडलाइट चालू ठेवणे तेथे सक्तीचे आहे, आणि मनाईचा फलक नसेल तर लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्याची खात्री करून उजवीकडे वळता येते. हा दुसरा नियम ठाऊक नसला की मागचे वाहन हॉर्न वाजवू लागते आणि नवखा चालक गोंधळतो.