मदत हवी आहे : पाण्यातला लोटा की दगड, प्रतिध्वनीवरून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. नागपूरला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करतोय. गच्चीवरच्या टाकीत ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारं आणि परत आलेला ऐकणारं यंत्र) सोडलाय, समोर दोरीनं टांगलेला आजीचा पितळी लोटा. (आजीला अजून पत्ता नाही.) पोकळ धातू पहिल्या प्रतिध्वनीनंतरही थोडा वेळ घुमत राहतो, भरीव दगडाचं तसं नाही, मला ती शेपटीच हवी आहे. पण लोट्यामागे अर्ध्या मीटरवर टाकीची भिंत. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एक मीटर जादा, भिंतीचा प्रतिध्वनी लोट्याच्या प्रतिध्वनीमागून ०.७ मिलिसेकंदातच येऊन धडकतो. माझा पल्सच (एका वेळी सोडलेला ध्वनी) १ मिलिसेकंदाचा! सगळा गोपालकाला. पल्स आखूड करू, की भिंतीला काही लावू? काय लावतात? की सरळ फुटाळा तलावावर जाऊ? तिथं परवानगी कोणाची घ्यावी लागते, तेही सांगा ना.