बबल टिप ॲनिमोन रोज सुपारीएवढा होतोय, गोगलगायीही गेल्या. अँटिबायोटिक द्यावं का?

खारट_पुणेकर

मंडळी, समुद्री टाकीत बबल टिप ॲनिमोन (टोकांना फुगे असलेलं समुद्रफूल, हा प्राणी आहे) आणून नऊ दिवस झाले आणि तो पार उतरलाय. सगळी माहिती एकदमच देतो.

टाकी ९० × ४० × ४० सेंमी. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १२० लिटर. संप (खालची फिल्टरची टाकी) नाही, मागे टांगायचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आहे, दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंखे), कोरडे दगड १४ किलो. टाकी सुरू करून सहा आठवडे झाले, त्यातले शेवटचे दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य. ऑसेलॅरिस क्लाऊन माशांची जोडी ठणठणीत. टर्बो गोगलगायी पाच सोडल्या होत्या, तीन मेल्या, दोन उताण्या पडतात आणि सरळ केल्या तरी काचेला धरत नाहीत. हर्मिट खेकडा तिसऱ्याच दिवशी गेला.

आजचं पाणी: खारटपणा (विशिष्ट घनता) १.०२३ (काट्याचा हायड्रोमीटर), पीएच ८.१, केएच (कार्बोनेट क्षारता) ८, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०२. तापमान पहाटे २५.५, संध्याकाळी २९. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ४५.

ॲनिमोन आणला तेव्हा गडद तपकिरी होता, आता गवताच्या काडीसारखा फिकट. तोंड उघडं, आतला पांढरा भाग बाहेर डोकावतो. दिवसातून दोन-तीनदा आक्रसतो. अख्खी सोललेली कोळंबी दिली तर चार तासांनी लाळेत गुंडाळून बाहेर टाकली. लाइट १० तास चालू असतो. तो वाढवू का? सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकबद्दलही वाचलंय.

दर्यासारंग

लाइट वाढवू नका, औषध देऊ नका, खायला घालणं आजपासून बंद.

मासे मजेत आणि गोगलगायी, हर्मिट, ॲनिमोन ओळीने आडवे, असं चित्र दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. अमोनिया वाढला असता तर क्लाऊनही पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले असते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांबं ०.१५ ते ०.२० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) या मात्रेने औषध म्हणून देतात आणि मासे ते सोसतात. बिनकण्याचे प्राणी त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात.

टाकी सेकंडहँड आहे का? जुन्या औषधाचं तांबं दगड-वाळूत मुरून राहतं. नवी असेल तर आरओ मशीनचं झाकण काढा आणि शेवटच्या नळकांड्यावर काय छापलंय ते वाचा.

खारट_पुणेकर

टाकी कोरी आहे. शेवटच्या कार्ट्रिजवर "कॉपर + मिनरल" लिहिलंय! पण तांब्याच्या टेस्ट किटवर शून्य येतंय. पंखा चालू असल्याने रोज अडीच लिटर पाणी उडतं, तेवढं त्याच आरओचं टाकतो.

दर्यासारंग

मग चोर सापडला असं समजा. पिण्याच्या पाण्यात तांबं मुद्दाम सोडणारी ही मशीनं माणसाला ठीक आहेत. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. खुल्या समुद्रात मात्र ते लिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असतं, म्हणजे पन्नास पटीहून जास्त फरक. साधी किट इतकं कमी तांबं बहुधा दाखवतच नाही, तेव्हा तुमच्या "शून्या"वर विसंबू नका. टीडीएस मीटरला तर तांबं आणि चुना यांतला फरकच कळत नाही. ४५ मध्ये काय काय आहे ते तो सांगत नाही.

त्यात भर रोजच्या पाण्याची. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, धातू मागे राहतो. रोज अडीच लिटर म्हणजे सहा आठवड्यांत १०५ लिटर. १२० लिटरच्या टाकीत २२५ लिटर पाण्याचं तांबं गेलंय. त्यातलं बरंचसं आता दगड आणि वाळूने धरून ठेवलं असणार आणि ते हळूहळू परत सुटत राहील.

करायचं असं. आजपासून त्या मशीनचा एक थेंबही टाकीत नको. चार टप्प्यांचं आरओडीआय युनिट लावा: ५ मायक्रॉन सेडिमेंट, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडी (दिवसाला गॅलन) मेम्ब्रेन, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे). बाहेर येणारं पाणी ० टीडीएस हवं. १ दिसला की रेझिन बदला. तुमच्याकडे बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपेल, ते गृहीतच धरा. युनिट येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणा, पण प्रत्येक कॅन मीटरने तपासून.

मग ३६ लिटर पाणी बदला. मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे साधारण १३५० ग्रॅम. पंप आणि हीटर लावून २४ तास फिरवा, तापमान टाकीइतकंच ठेवा. एक दिवस सोडून असं तीनदा करा. प्रत्येक वेळी ३० टक्के बदलल्यावर जुनं पाणी १०० चं ७०, मग ४९, मग ३४ टक्के उरतं. एकाच दिवशी ८० टक्के बदलायचा मोह होईल, पण खचलेल्या ॲनिमोनला तो धक्का तांब्याइतकाच महागात पडतो.

सोबत स्किमरच्या वाहत्या पाण्यात पॉलिफिल्टरची (धातू शोषणाऱ्या गादीची) एक पट्टी आणि १२० ग्रॅम कार्बन ठेवा, कार्बन दर आठवड्याला नवा. पॉलिफिल्टर तांबं ओढून निळसर पडतो, म्हणून किटपेक्षा माझा विश्वास त्या पट्टीवर जास्त आहे.

भरती_ओहोटी

तांब्याचं पटतं. पण सगळं खापर त्याच्यावर फोडलं तर बाकीच्या दोन-तीन गोष्टी सुटतील.

दिवसाला साडेतीन अंशांचा चढउतार फार झाला. संध्याकाळचा २९ आकडा एकटा तितका वाईट नाही, रोजचं वरखाली जास्त वाईट. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, ते तुम्ही आधीच वापरलेत. एप्रिल-मे काढायचे तर चिलर घ्यावाच लागेल. तोवर पहाटेचं तापमान हीटरने २६.५ वर धरा, म्हणजे निदान दरी कमी होईल.

काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारी ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर नको. खरंच १.०२३ असेल तर दिवसाला ०.००१ या हिशोबाने १.०२५ पर्यंत न्या.

लाइटबाबत लोक उलटं करतात. ॲनिमोन फिकट पडला याचा अर्थ त्याच्या अंगातलं शेवाळ, झुझँथेली, निघून गेलंय. अशा अंगावर झगझगीत उजेड म्हणजे उन्हात सोललेली कातडी. सहा तास, दगडाशी ८० ते १०० पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या उजेडाचं माप) इतकाच उजेड द्या. रंग परतायला लागला की चार आठवड्यांत हळूहळू १५०–२०० वर न्या. टोकांचे फुगे गेले म्हणून घाबरू नका. निरोगी बबल टिपही कधी फुगे दाखवतो, कधी सरळ दोऱ्यासारखा राहतो. तोंड आणि पाय बघा.

क्लाऊन त्याच्यात घुसळत असतील तर त्यांना भोकांच्या प्लास्टिक टोपलीत बाजूला ठेवा. क्लाऊन आला की आजारी ॲनिमोन सुधारेलच असं नाही. आजाऱ्याच्या अंगावर रोज उड्या मारल्यासारखं होतं ते. दोन्ही वेव्हमेकरना स्पंजचं कव्हर आजच घाला. आजारी ॲनिमोन जागा शोधत फिरतो, रात्री वेव्हमेकरच्या पंख्यात ओढला गेला तर सकाळी टाकीभर त्याचा कीस असतो.

शिंपला

सिप्रोचं. मुख्य टाकीत कधीच नाही, बॅक्टेरियाचा कारभार कोसळेल. प्रचलित पद्धत अशी: वेगळी टाकी, ३८ लिटरला २५० मिलिग्रॅम, औषध रात्री लाइट बंद झाल्यावर (उजेडात ते विघटित होतं), दुसऱ्या दिवशी पाणी बदलून नवी मात्रा, साधारण सात दिवस. नुकत्याच समुद्रातून आलेल्या मॅग्निफिका आणि कार्पेट ॲनिमोनना याचा उपयोग होतो. बबल टिपला क्वचितच लागतं. इथे कारण समोर दिसतंय, त्यामुळे औषधाने फक्त आणखी एक स्थलांतर होईल.

तो दगडाला धरून असेल तर ओढून काढू नका. पाय फाटला की बहुधा वाचत नाही. हलवायचाच असेल तर दगडासकट.

खाणं: तोंड सलग तीन दिवस मिटलेलं दिसलं की मग. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), किंवा ताज्या करंदीचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. अख्खी कोळंबी पचवायला त्याच्याकडे आता ताकद नाही. मीठ लावलेला माल नको, सुका जवळाही नको.

कधी काढून टाकायचा? आक्रसणं म्हणजे मरण नव्हे, पोटातलं पाणी बदलायला निरोगी ॲनिमोनही आक्रसतो. पण पाय कशालाच धरत नाही, स्पर्श केला तर चिकटत नाही, अंग चिंध्यांसारखं सुटतंय आणि सडक्या मासळीचा वास येतोय, तर त्याच तासाला बाहेर. एवढ्या टाकीत तो एका रात्रीत अमोनिया चढवून क्लाऊनही घेऊन जाईल.

खारट_पुणेकर

आभार. पाय अजून दगडाला घट्ट आहे. टोपली, स्पंज झालं, डिस्टिल्डचे कॅन आणले, मीठ फिरतंय. एक शंका: पुढच्या आठवड्यात मालवणला जातोय, तिथून समुद्राचं पाणी आणि दोन जिवंत दगड आणले तर?

दर्यासारंग

दोन्ही नको. किनाऱ्याच्या पाण्यात नदीचं गोडं पाणी, बोटींचं तेल आणि बुडाच्या रंगातलं तांबंसुद्धा असू शकतं, मग पुन्हा तेच दुखणं. आणि दगडावर जिवंत प्रवाळ असेल तर दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. त्या भानगडीत पडूच नका.

खारट_पुणेकर

चौथा दिवस, दोनदा पाणी बदललं. पॉलिफिल्टरची पाण्याकडची कड निळसर-हिरवी झालीये. तोंड अर्धं मिटलंय. दोनपैकी एक गोगलगाय रात्री काचेवर होती.

दर्यासारंग

निळी कड म्हणजे तांबं येतंय. तिसरा बदल उद्या करा, पट्टी पूर्ण रंगली की नवी घाला. दोन आठवडे एखादी पट्टी निळी न पडता फक्त तपकिरी झाली, तर दगडांनी सोडायचं ते सोडलं. तोवर नवीन काही आणू नका, आणि नंतरही आधी एकच टर्बो सोडा. ती पंधरा दिवस काचेवर चालत राहिली तर पुढचं बघू.