सर्दीच्या गोळीसाठी दूध तोडू नका
ताप आला म्हणून दोन दिवस अंगावर पाजणं बंद केलंस हे वाचून खरंच वाईट वाटलं गं. साध्या पॅरासिटामॉलसाठी तशी गरज नसते, आयबुप्रोफेनही चालतं, दुधात अगदी थोडं उतरतं. जपायचं ते सर्दीच्या मिक्स गोळ्यांपासून, त्यात स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर दूध कमी होऊ शकतं, माझं झालं होतं, बाळ ओढून ओढून रडायचं आणि मला कळेचना काय झालंय ते. कोडीनवालं खोकल्याचं औषध तर नकोच, बाळाला सुस्ती येते, श्वास मंदावू शकतो. केमिस्टकडे नुसतं 'सर्दीची गोळी द्या' म्हणू नकोस, अंगावर पाजतेय हे आधी सांग आणि पाकिटामागची नावं डॉक्टरांना दाखव. बाळ कमी दिवसांचं असेल तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नको.