शब्दचर्चा: 'साइट-स्पेसिफिक' शिल्पाला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

डेव्हिड नॅश या शिल्पकाराच्या कामावर मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. एका ठरावीक जागेसाठीच, तिथली माती-पाणी-ऊन धरून घडवलेलं उघड्यावरचं शिल्प. तिथून हलवलं तर त्यातलं शिल्पच संपतं. छापील मजकुरात यासाठी 'स्थलविशिष्ट' दिसतो. चूक नाही, पण 'विशिष्ट' म्हटलं की इतरांहून वेगळं असा अर्थ पुढे येतो. मला वेगळेपण नाही, बांधलेपण सांगायचंय.

उदाहरण देते. नॅशने १९७७ साली वेल्समध्ये अ‍ॅश जातीची २२ रोपं गोलाकार लावली. तिकडचे शेतकरी जिवंत झुडपं वाकवून कुंपण करतात, त्याच रीतीने तो वर्षानुवर्षं ती झाडं वाकवत, छाटत राहिला आणि त्यांचा घुमट झाला. 'अ‍ॅश डोम'. याला कुठला शब्द लावू?

प्रतिसाद

आपल्याकडे मूर्तीचे चल आणि अचल असे भेद आहेतच. पालखीत बसून गावभर फिरते ती उत्सवमूर्ती चल, गाभाऱ्यात प्रतिष्ठा केलेली अचल. मग 'अचल शिल्प' का नको? तयार शब्द आहे, अर्थही जवळचा.

प्रतिसाद

'लेणं' या शब्दाचाही विचार व्हावा. सह्याद्रीतल्या प्राकृत शिलालेखांतही 'लेण' असाच येतो, इतका जुना. आणि आपण तो कसा वापरतो पाहा: कार्ल्याचं लेणं, भाज्याचं लेणं, वेरूळचं लेणं. बहुतेकदा गावाच्या नावाने, कोरणाऱ्याच्या नावाने नाही. कैलास तर वरून खाली डोंगर कोरत काढलेला. तो डोंगरापासून वेगळा कसा करणार? अर्थात लेणं म्हणजे मुळात राहण्याची जागा, त्यामुळे झाडांच्या घुमटाला हा शब्द चालणार नाही, हे मलाही कळतं. पण नवा शब्द घडवताना हा कानात असावा.

विचारणा करणारी

'अचल' मला फार आवडला होता. अडचण नॅशनेच केली आहे. १९७८ साली त्याने ओकच्या खोडातून एक मोठा गोळा कोरला आणि न्यायला सोपं जावं म्हणून ओढ्यात लोटला. तो मध्येच अडकला. नॅशने तो तिथेच राहू दिला आणि तेव्हापासून पाणी नेईल तसं त्याच्या मागे जात नोंदी ठेवल्या. पूर आला की गोळा थोडा पुढे, मग कित्येक वर्षं तसाच, वर बर्फ साचलेला. ओढ्यातून नदी, नदीतून खाडी. २००३ मध्ये तो दिसेनासा झाला. हे शिल्प पंचवीस वर्षं चालत होतं आणि तरीही त्याच एका पाण्याचं होतं. त्याला 'अचल' म्हणायला माझा हात धजत नाही.

प्रतिसाद

मी राजापूरकडची. आमच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, कोरीव आकृत्यांनाही 'कातळशिल्प' म्हणावं की 'खोदचित्र', यावर मतं दोन आहेत. मला 'कातळशिल्प' बरा वाटतो, कारण त्यात जागाच आधी येते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. भर दुपारी गेलात तर नुसता काळपट जांभा दिसेल. सकाळच्या तिरप्या उन्हात रेषेच्या एका कडेला सावली बसते आणि मग सोंड, पाय एकेक करून वर येतात. म्हणजे ऊनही त्या कामाचा भाग झालं. असं नाव हवं, की ज्यात जागा मागचा पडदा वाटणार नाही.

प्रतिसाद

मग 'स्थलनिष्ठ' घ्या. 'निष्ठ' मध्ये नि + स्था आहे, म्हणजे 'त्यातच राहिलेलं'. वस्तुनिष्ठ, व्यक्तिनिष्ठ आपण रोज म्हणतो, त्यामुळे कानाला नवखा नाही. शिवाय 'निष्ठा'चा रोजचा अर्थही इथे उपयोगी पडतो. शिल्पकार रिचर्ड सेराचं 'टिल्टेड आर्क' आठवा: न्यूयॉर्कमधल्या चौकात १९८१ साली उभारलेली पोलादी भिंत. लोकांच्या तक्रारी आल्या, दुसरीकडे हलवण्याची गोष्ट निघाली. सेराचं म्हणणं होतं की हलवणं म्हणजेच नष्ट करणं. १९८९ मध्ये ती कापून काढली. 'स्थलनिष्ठ' शब्दातून त्याचं म्हणणं लगेच कळतं.

आणि तुमचा ओकचा गोळाही यात बसतो. त्याचं स्थळ म्हणजे तो प्रवाह.

विचारणा करणारी

घेतला. 'स्थळ' नको, 'स्थल'च; 'स्थळ' म्हटलं की आधी लग्नाचं आठवतं.

आता निसर्गाशी असलेल्या नात्याबद्दल. 'निसर्गाशी सुसंवाद साधणारं' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सुसंवादात दोघं वेगळे राहतात. आई आमटीबद्दल म्हणते ना, 'छान मिळून आलीय'? डाळ वेगळी नाही, पाणी वेगळं नाही, चोथा-पाणी झालेलं नाही. तोच शब्द वापरला. गाण्यात 'काय जागा घेतली!' म्हणतात, तेही मनात होतं, कारण ती जागा त्या रागात, त्या क्षणीच असते. पण वाचकाला फार वळसा पडला असता.

सध्याचं वाक्य असं आहे: "'अ‍ॅश डोम' हे स्थलनिष्ठ शिल्प तिथल्या मातीशी मिळून आलं आहे, आता अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला, तेव्हा तो मरही शिल्पाच्या वाट्याला आला." 'मर' हा शेतकऱ्यांचा शब्द, तुरीचा मर म्हणतात तसा. तो झाडाच्या रोगाला चालेल का, एवढं कुणी शेतीतल्या माणसाने सांगावं.