न्यूझीलंडच्या वीस घरांच्या वाडीतून इतकी माणसं लढाईला का गेली?

रानजाई

नमस्कार. मी न्यूझीलंडमध्ये तारानाकी भागात राहते, दोन वर्षं झाली. स्ट्रॅटफर्डजवळच्या एका वृद्धाश्रमात कामाला आहे. माहेर सातारा तालुक्यातलं.

आमच्याकडे चौऱ्याण्णव वर्षांच्या एक आजी आहेत. नजर जवळजवळ गेली आहे. महिन्यातून एका रविवारी मी त्यांना गाडीतून त्यांच्या वाडीला नेते. वाडी म्हणजे गायरानांच्या मध्ये वीसेक घरं, एक हॉल, आणि रस्ता फुटतो तिथे दगडी खांब. खांबावर पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची नावं आहेत. आजी म्हणतात, "वाच." मी वरपासून खालपर्यंत सगळी तेवीस नावं वाचते. एका ठिकाणी त्या मला थांबवतात आणि माझा हात धरून स्वतःचं बोट त्या अक्षरांच्या खाचेत घालतात. तिथे एकाखाली एक, एकाच आडनावाची दोन नावं आहेत. दोघंही त्यांच्या वडिलांचे थोरले भाऊ. एक १९१५ साली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मेला, दुसरा १९१७ साली बेल्जियममध्ये. आजींचे वडील धाकटे, शाळकरी पोर होते, म्हणून राहिले.

आजींची आजी दर शनिवारी बादली आणि ब्रश घेऊन हा खांब धुवायला यायची. थोरल्याची कबर कुठे आहे ते तिला कागदावर कळवलं होतं. दुसऱ्याला कबरच नाही. आपल्याकडे दिवस घालतात, पाणी सोडतात, काहीतरी असतं. तिच्याकडे तो खांब होता आणि ब्रश होता.

गेल्या खेपेला आजींनी मला विचारलं, "तुझ्या गावातून कोण गेलं होतं?" मी म्हटलं, कोणी नाही. परत येताना गाडीत ते उत्तर मला फार टोचत राहिलं, कारण मला खरं तर काहीच माहीत नव्हतं.

इथे इतिहास जाणणारी मंडळी आहेत म्हणून विचारते. जर्मनीने या लोकांचं काय बिघडवलं होतं? बोटीने सहा-सात आठवडे लांब असलेल्या लढाईला एवढीशी वस्ती इतकी माणसं का पाठवते? जबरदस्ती होती का? आणि प्रेतं परत का आणली नाहीत?

पाऊसवाट

रानजाई, मी ऑकलंडला बावीस वर्षं शाळेत शिकवतोय. दर एप्रिलला पंचवीस तारखेच्या, म्हणजे इथल्या युद्धस्मरण दिनाच्या आधी मुलं हेच प्रश्न विचारतात.

आधी आकडे सांगतो, म्हणजे तुमच्या खांबाचा अंदाज येईल. त्या वेळी देशाची लोकसंख्या साधारण अकरा लाख होती. त्यातले सुमारे एक लाख समुद्रापार गेले. अठरा हजारांच्या आसपास मेले, एकेचाळीस हजारांच्या आसपास जखमी झाले. मी वर्गात मुलांना सांगतो की बाया, म्हातारे, पोरं वगळा आणि मग उरलेल्यांतून ही माणसं उचला. वर्ग गप्प होतो.

का गेले? १९१४ साली तरी जबरदस्ती नव्हती. यांच्या घराघरांत आई-बाप किंवा आजी-आजोबा इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेले. पत्रांत इंग्लंडला 'होम' लिहायचे, स्वतः तिथे पाऊलही ठेवलेलं नसलं तरी. राजाने युद्ध जाहीर केलं म्हणजे आपणही युद्धात, यावर कुणी वेगळी चर्चा केली नाही. त्यात दूध काढून कंटाळलेली वीस-बावीसची पोरं, आणि नाताळपर्यंत संपेल ही समजूत. १६ ऑक्टोबर १९१४ ला वेलिंग्टनहून दहा बोटी सुटल्या. साडेआठ हजारांच्या आसपास माणसं आणि जवळजवळ चार हजार घोडे. वाटेत कोलंबोला थांबल्या. आपण इंग्लंडला चाललोय असं त्यांना वाटत होतं, उतरवलं इजिप्तच्या वाळूत. पूर्ण युद्धात सुमारे दहा हजार घोडे इथून गेले आणि परत आले चार. हे मी मुलांना सांगत नाही, पण कुणीतरी विचारतंच.

पुढे स्वेच्छेने येणारे आटले. ऑगस्ट १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि नावांच्या सोडती निघू लागल्या. ज्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला त्यांतल्या चौदा जणांना बोटीत घालून युरोपला नेलं. आर्चिबाल्ड बॅक्स्टर हा त्यांतला एक, साधा शेतकरी. थंडीत तासन्‌तास खांबाला बांधून ठेवलं तरी त्याने गणवेश घातला नाही. तेव्हा बेल्जियमला गेलेला भाऊ आपण होऊन गेला की सोडतीत निघाला, हे आजींना विचारायला हवं. घरात हे धरून ठेवलेलं असतं.

आता एका वाडीची इतकी नावं का, याबद्दल. तारानाकीच्या पोरांची वेगळी कंपनी होती, वेलिंग्टन बटालियनमध्ये. शेजारी, मावसभाऊ, एकाच शाळेतले, सगळे एका ओळीत. ही बटालियन ८ ऑगस्ट १९१५ च्या पहाटे गॅलिपोलीत चुनुक बैर नावाच्या शिखरावर चढली. शिखर हातात आलं, पण वर खंदक खणायला माती नाही, नुसता कातळ. दिवसभर तुर्क (ते जर्मनीच्या बाजूने होते) चढून येत राहिले. ७६० जण वर चढले होते, संध्याकाळी धडधाकट सत्तरच्या आसपास उरले. त्यांचा लेफ्टनंट कर्नल विल्यम मॅलोन तुमच्या स्ट्रॅटफर्डचाच, शेतकरी आणि वकील. बहुधा आपल्याच बाजूच्या तोफगोळ्याने तो तिथे मेला. स्ट्रॅटफर्डच्या बागेचं दगडी प्रवेशद्वार त्याच्या नावाचं आहे, तुम्ही त्यातून गेला असाल. एका कंपनीचा एक दिवस वाईट गेला की एका खोऱ्यातल्या घराघरांत रडारड, असा तो हिशोब होता. आजींचे काका त्याच दिवशी मेले का, ते खांबावरच्या तारखेवरून कळेल.

बेल्जियमचा भाऊ १२ ऑक्टोबर १९१७ ला मेला असेल तर ती पाशनडेलची लढाई. चिखलात तोफा रुतल्या, समोरची काटेरी तार तुटलीच नव्हती, तरी पोरांना पुढे जायला सांगितलं. काही तासांत आठशेहून अधिक मेले. या देशाच्या इतिहासात इतका वाईट दिवस दुसरा नाही. कबर नसलेल्यांची नावं तिथे टाइन कॉटच्या दफनभूमीच्या भिंतीवर कोरली आहेत.

प्रेतं आणली नाहीत कारण साम्राज्याचा नियमच तसा होता: श्रीमंत असो, गरीब असो, जिथे पडला तिथेच पुरायचा. म्हणून इथे गावोगाव हे खांब, जवळजवळ पाचशे. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन घरांना निदान कबरीच्या दगडावर स्वतःची एखादी ओळ लिहून घेता आली. न्यूझीलंड सरकारने तीही परवानगी दिली नाही, सगळे सारखे म्हणून. मला हा निर्णय पटत नाही. आईला एक ओळ द्यायला हवी होती.

कौरीसावली

पाऊसवाट सरांनी सगळं नीट लिहिलं आहे, एक बाजू राहिली ती जोडते. मी हॅमिल्टनला असते, म्हणजे वायकाटोत.

माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांचं एकमत नव्हतं. काही जमातींची पोरं हौसेने गेली. फेब्रुवारी १९१५ मध्ये पाचशेच्या आसपास माओरी बोटीवर चढले. आधी त्यांना माल्टात पहाऱ्याला ठेवलं, कारण गोऱ्यांच्या लढाईत त्यांना उतरवावं की नाही यावर वरच्यांचं ठरत नव्हतं. गॅलिपोलीत माणसं कमी पडली तेव्हा बोलावलं.

पण वायकाटोच्या लोकांनी नाही म्हटलं. १८६० च्या दशकात याच राजसत्तेच्या फौजेने त्यांच्यावर चाल केली होती आणि नंतर त्यांची लाखो एकर जमीन जप्त झाली होती. त्यांचा राजा ताफियाओ याने पुन्हा शस्त्र धरायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. त्याची नात ते पुइया हिने सक्तीला विरोध केला. सक्ती माओरींत फक्त वायकाटो-मानियापोटो जमातींवर लावली, १९१७ मध्ये. पोलीस 'माराए'वर, म्हणजे जमातीच्या सभेच्या जागी आले, पोरं जमिनीवर बसून राहिली, एकेकाला उचलून नेलं. तुरुंगात गेली, पण त्यांतलं कुणी लढाईवर गेलं नाही. माझ्या शेजारच्या घरात ही गोष्ट आजही ताठ मानेने सांगतात. "इथली माणसं गेली" म्हणताना न गेलेलीही लक्षात राहावीत, एवढंच.

सुभेदार माणदेशी

रानजाई ताई, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला माणूस. तुमचं "कोणी नाही" वाचून जेवण गेलं नाही. सातारा तालुक्यातली पोर असं म्हणते?

अहो, तुमच्याच तालुक्यात आपशिंगे आहे. गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक उभं आहे. बाकी गावांतून कमी गेले असतील, पण गेले. आपल्या पलटणी बहुतेक मेसोपोटेमियाला, आजच्या इराकमध्ये. आमच्या आज्याच्या तोंडी 'बसरा' हाच शब्द. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपलं, घोडे-खेचरं कापली. शेवटी तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेली. कितीतरी वाटेतच पडली.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत. आपल्या साध्या शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. तुमच्या आजींना निदान बोट फिरवायला अक्षरं आहेत.

एक करा. गावच्या जुन्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत पांढरी संगमरवरी पाटी आहे का, घरी विचारा. या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, अमुक मेली, असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. आणि घरात जुनं पदक असेल तर त्याची कड बघायला सांगा. चेहऱ्यावर राजा असतो, कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण.

रानजाई

सुभेदार काका, तुमचं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

चावडीची पाटी! तुम्ही लिहिल्यावर एकदम डोळ्यांपुढे आली. लहानपणी आम्ही तिच्याखाली गजगे खेळायचो. काल चुलत्यांना फोन केला. आता तिथे सूचनांचा फळा ठोकला आहे. त्यांनी फळा उतरवला, ओल्या फडक्याने चुना घासला आणि फोटो पाठवला. ३८ गेले, ९ मेले. नाव एकही नाही.

मग चुलते म्हणाले, "अगं, बसऱ्याचे आजोबा नाहीत का आपले?" आमच्याकडे सर्वपित्रीला एक घास बसऱ्याच्या आजोबांचा म्हणून वेगळा काढतात. मी दरवर्षी तो केळीच्या पानावर ठेवायचे. बसरा म्हणजे कोरेगावच्या पलीकडचं एखादं खेडं असेल, असंच मला वाटायचं.

पदक देवघराच्या खालच्या खणात निघालं, कुंकवाच्या करंड्याबरोबर. आज सकाळी आजींच्या खोलीतून फोन लावला. चुलते भिंगाने कड वाचत होते, एकेक अक्षर, इंग्रजीतून. आधी नंबर, मग शिपाई, मग नाव, मग ११७ मराठाज. मी ते वहीत उतरवलं. आजींनी ते नाव माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं, कारण त्यातला 'ळ' त्यांना जमत नव्हता. आणि हो, पाऊसवाट सर, त्यांचा दुसरा काका सोडतीतच निघाला होता. आईने खूप विनवलं होतं म्हणे, एक आधीच गेलाय म्हणून.

११७ वरून पुढे काय शोधता येईल?

सुभेदार माणदेशी

११७ म्हणजे कुटला होती ती पलटण. तिला पुढे याच युद्धातल्या कामगिरीसाठी 'रॉयल' म्हटलं गेलं, १९२१ साली. तुमचे आजोबा वेढ्याच्या आधी गेले, वेढ्यात गेले की कैदेत, ते तारखेवरून कळेल. राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींच्या नोंदी आता इंटरनेटवर आहेत. तिथे आपल्या शिपायांची नावं सापडतात, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, फक्त स्पेलिंग वेडंवाकडं असतं. नंबर बरोबर घाला. मलाही खाजगी निरोपात पाठवा, मी आज रात्री बसतो.