चौथ्या शनिवारची साहित्य बैठक : हॉल, माइक आणि कोरे कागद

सचिव, ए-१०१ : नमस्कार मंडळी. रत्नागिरीच्या साहित्य मंडळाची जुलैची बैठक आपल्या हॉलमध्ये घ्यायला कमिटीनं होकार दिलाय. चौथा शनिवार, संध्याकाळी ६.३०. आधी एका कथालेखकांचं वाचन, मग सगळ्यांनी मिळून लेखन. बाहेरचे २५ आणि आपले १५ धरा. काय काय लागेल ते इथेच लिहा, मला वेगवेगळे फोन नकोत 🙏

सी-३०२ : गच्चीवर घेऊ की. हवा असते.

बी-२०४ काकू : गच्चीवर पत्र्याची शेड आहे रे. जुलैत एक सर आली की पत्र्याच्या आवाजात माइकवरचं बोलणंही कळत नाही. हॉलच बरा.

सी-३०२ : मग आवाजाचं मी बघतो. हॉलला खाली टाइल्स आणि तीन बाजूंना कोऱ्या भिंती आहेत, त्यामुळे आवाज घुमतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं एकमेकांत मिसळतात. सतरंज्या अंथरायच्या, मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा दोन चादरी टांगायच्या. एवढ्यानं निम्मा घुमारा जातो. छताचे पंखे फुल स्पीडला नकोत, एक-दोनवर ठेवा. खुर्च्या सरळ रांगांत न लावता तीन अर्धवर्तुळांत लावा. वाचणाऱ्यापासून शेवटची खुर्ची २५ फुटांच्या आत आली पाहिजे.

ए-४०१ : माइक लागेल का मग?

सी-३०२ : लागेल, पण आवाज मोठा करायला नाही, वाचणाऱ्याला ओरडावं लागू नये म्हणून. हातातला साधा माइक स्टँडला लावू. कॉलरचा नको, पदराला किंवा कुर्त्याला घासून खरखर येते. तोंडापासून एक मूठ अंतर, आणि माइक समोर नाही, जरा तिरपा. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आदळला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो. स्पीकरचा खोका वाचणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. मागे ठेवलात तर शिट्टी वाजणारच.

सचिव, ए-१०१ : आवाजाची तक्रार येणार नाही ना? मागच्या बंगल्यांतले लोक लगेच फोन करतात.

ए-२०२ : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५ ही मर्यादा आहे. खिडक्या लावून ८.४५ ला संपवलंत तर प्रश्न नाही. पोर्चमध्ये मात्र स्पीकर लावू नका.

सचिव, ए-१०१ : वकीलसाहेब आलेच आहेत तर विचारतो. लेखक स्वतःचंच वाचणार, पण दरड कोसळून किंवा गाडी लेट होऊन पोचले नाहीत तर? कोकण रेल्वे सध्या पावसाळी वेळापत्रकावर आहे. दुसऱ्या कुणाचं पुस्तक आपण वाचलं तर चालतं का?

ए-२०२ : चालतं. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५२. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला मुभा आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही सूट आहे. पण ती सूट हॉलपुरती. त्याचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, तिथे परवानगी हवी. पाहुण्या लेखकांच्या वाचनाचंसुद्धा चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा आणि होकार लेखी, म्हणजे साधा मेसेज का होईना, ठेवा.

बी-२०४ काकू : आणि जुन्या लेखकांचं?

ए-२०२ : लेखक गेल्यानंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. केशवसुत १९०५ ला गेले, साने गुरुजी १९५० ला, मर्ढेकर १९५६ ला, हे सगळे मोकळे. आरती प्रभू १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत हक्क आहेत. बोरकर १९८४, म्हणजे २०४४. अनुवाद असेल तर अनुवादकाचं वर्ष वेगळं मोजायचं, हे लोक हमखास विसरतात.

बी-२०४ काकू : मग राखीव म्हणून दिवाकरांच्या नाट्यछटा ठेवा. ते १९३१ ला गेले, हक्काचा प्रश्न नाही. एकेक नाट्यछटा दोन ते चार मिनिटांची आणि एकाच माणसानं बोलायची. फक्त एक सांभाळा. समोरच्या न दिसणाऱ्या माणसाचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, ते वाचणाऱ्याच्या थांब्यातून कळायला हवं. नवखे वाचक हे थांबे गिळतात आणि मग एकट्यानं बडबड चाललीय असं वाटतं. समोर एक ठरावीक जागा धरायची, तिथे बघायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग पुढचं वाक्य.

सी-१०४ : पाहुण्यांना किती वेळ द्यायचा? एक तास?

बी-२०४ काकू : २५ मिनिटं. जास्त नको. मोठ्यानं गद्य वाचताना मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. पुस्तकाच्या पानावर २५० ते २८० शब्द धरले तर २५ मिनिटांत दहा-अकरा पानं. आख्खी दीर्घकथा मावत नाही, आणि "थोडक्यात सांगतो" करत मधली पानं उडवली की कथाच बिघडते. लेखकांना पहिल्याच फोनवर सांगा : एक पूर्ण लघुकथा किंवा दीर्घकथेतला एकच सलग प्रसंग. मागचा संदर्भ चार वाक्यांत. आणि मानधन, प्रवासखर्च, राहायची सोय हेही त्याच फोनवर आकड्यासकट. "बघू, करू काहीतरी" असं लेखकाला सांगू नये, ते फार वाईट दिसतं.

सचिव, ए-१०१ : शाल-श्रीफळ?

बी-२०४ काकू : नको. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांच्या पुरस्कारांची यादी, यात पाऊण तास जातो आणि लोक घड्याळ बघायला लागतात. दीड मिनिटात ओळख : गाव, दोन पुस्तकांची नावं, आज काय वाचणार. सूत्रसंचालकानं मध्ये मध्ये चारोळ्या म्हणायच्या नाहीत. हे कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे 😄

सी-३०२ : 😄😄

ए-४०१ : मी कथा वाचणार असेन तर मोबाइलवरून वाचू का?

बी-२०४ काकू : शक्यतो नको. मध्येच फोन येतो, स्क्रीन मंद होते आणि बोटानं वर सरकवताना ओळ हरवते. ए-४ कागदावर एका बाजूला छाप. अक्षर १६ किंवा १८ पॉइंटचं, दोन ओळींत दीडपट अंतर. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नकोस, हवं तर चार ओळी कोऱ्या सोड. स्टेपल मारू नकोस, पान उलटताना माइकमध्ये खडखडतं. सुटी पानं वाचून झाली की बाजूला सरकवायची, म्हणून पान क्रमांक मोठा टाक. पेन्सिलनं श्वासाच्या जागी एक तिरपी रेघ, परिच्छेद बदलताना दोन.

सी-१०४ : लेखक मालवणीत वाचणार आहेत असं ऐकलं. आम्ही सांगलीकडचे, कळेल का?

बी-२०४ काकू : कळेल. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत असले तर अडचण येतच नाही. सगळंच मालवणीत असेल तर सुरुवातीला पाच-सहा शब्दांचे अर्थ सांगायला सांगू, मध्ये थांबून नको. घोळ होतो तो वाचणारा मालवणी बोलतोय म्हणून नाही, तर ऐकणारे मालवणी म्हटलं की विनोदीच असणार असं धरून बसतात म्हणून. मरणाच्या प्रसंगाला लोक हसतात. नाटकांनी लावलेली सवय आहे ती. तेव्हा ओळख करून देतानाच "कथा गंभीर आहे" एवढं म्हणायचं.

सचिव, ए-१०१ : प्रश्नोत्तरं किती वेळ?

बी-२०४ काकू : १५ ते २०. पहिला प्रश्न आपल्यापैकी कुणीतरी तयार ठेवायचा आणि तो वाचलेल्या कथेवरचाच हवा. नाही तर "तुम्हाला कसं सुचतं" पासून सुरुवात होते आणि त्याला कुठल्याही लेखकाकडे उत्तर नसतं. दुसरी भीती म्हणजे प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे. माइक त्यांच्या हातात द्यायचा नाही, आपण धरायचा.

सचिव, ए-१०१ : कळलं. आता लेखनाचं सांगा. ४० माणसांनी एकत्र लिहायचं म्हणजे नेमकं काय?

ए-४०१ : हे मी सांगतो. ४० जणांचा एक गोल करायचाच नाही. हिशोब बघा : लिहिलेलं वाचायला २ मिनिटं, त्यावर बोलायला ३, म्हणजे माणशी ५. आठ जणांचे ४० मिनिटं. ४० जणांचे झाले २०० मिनिटं, म्हणजे रात्रीचे अकरा वाजून जाणार. म्हणून आठ-आठचे पाच गट. तसेही १०-१२ जण "आम्ही नुसतं ऐकतो" म्हणतातच, त्यामुळे चार गट पुरतील. दोन हॉलमध्ये, एक कमिटीच्या खोलीत, एक पोर्चमध्ये. प्रत्येक गटात एक घड्याळवाला.

सी-१०४ : विषय काय द्यायचा? पाऊस?

ए-४०१ : नाही हो काकी! जुलैत पाऊस दिला की ४० कागदांवर एकच कविता येते. मातीचा वास, खिडकी, चहा, ती. विषय वस्तूचा द्यायचा. शेजाऱ्याकडे ठेवलेली घराची चावी. घाटात बंद पडलेली एसटी. माळ्यावरची मुंबईहून आलेली पेटी. आणि वर बंदी : पाऊस, आठवण, मन, क्षण हे चार शब्द वापरायचे नाहीत. बंदी घातली की माणसं बरोबर वस्तूकडे बघायला लागतात. वेळ १५ मिनिटं, पेन उचलायचं नाही.

बी-१०३ : ज्यांनी कधीच लिहिलं नाही त्यांचं काय? कोरा कागद बघून हात चालत नाही.

ए-४०१ : त्यांच्यासाठी साखळी-कथा. पाच जण, पाच कागद. प्रत्येकानं आपल्या कागदावर सहा-सात ओळी लिहायच्या, ६ मिनिटं. मग शेवटच्या दोन ओळी सोडून वरचं दुमडायचं आणि उजवीकडे द्यायचं. अर्ध्या तासात पाच कथा तयार. पण नियम आधी फळ्यावर लिहा, नाहीतर तिसऱ्या हातात वाट लागते. कुणी "तो" चा "मी" करतं, कुणी भूतकाळातून वर्तमानात येतं, कुणी सगळ्यांना मारून टाकतं. आणि पाचवा माणूस हमखास "आणि मला जाग आली" लिहून मोकळा होतो.

ए-४०१ : तर नियम : तृतीयपुरुष, भूतकाळ, एकच जागा, एकच रात्र. मुख्य माणसाला काय हवंय ते पहिल्याच तुकड्यात आलं पाहिजे. चौथ्या हातापर्यंत कुणी मरायचं नाही. स्वप्न नाही. पाचव्यानं नवीन पात्र आणायचं नाही.

ए-२०२ : आणि अशी कथा दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर पाचही जणांचा होकार आणि पाचही नावं. एकानं सफाईदार करून स्वतःच्या नावावर पाठवली की भांडणं होतात. संयुक्त लेखनात प्रत्येकाचा हक्क असतो.

बी-१०३ : कवितावाल्यांना काहीच नाही? समस्यापूर्ती घ्या ना. शेवटचा चरण द्यायचा, आधीचा ज्यानं त्यानं जुळवायचा. उदा. "दारापुढे उभी सावली".

बी-२०४ काकू : एक मात्रा कमी पडतेय. पादाकुलक वृत्तात घेऊ, १६ मात्रा, ८-८. दा-रा-पु-ढे झाल्या ७. "दारापुढती उभी सावली" करा. दारापुढती ८, उभी सावली ८.

बी-१०३ : बरोबर. नवख्यांसाठी : ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाची २, जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व आघातानं २ होतं. बोटांवर मोजू नका, टाळीवर म्हणा. चुकलं की टाळी अडखळते.

ए-४०१ : वीज परतली, घर उजळे अन्
दारापुढती उभी सावली

सी-३०२ : वा! आमच्या विंगला वीज परत आली की लिफ्टही चालू होऊ दे.

बी-२०४ काकू : छान जमलंय. गझलवाल्यांना हेच तरही म्हणून माहीत असतं, त्यांना एक ओळ देऊन टाका, ते आपापले बसतात. कवितेला फार लांबण लावू नका पण, वृत्तावर चर्चा सुरू झाली की रविकिरण मंडळापर्यंत, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कवींच्या गटापर्यंत, जाते आणि चहा गार होतो.

सी-१०४ : वाचल्यावर काय बोलायचं? छान आहे म्हटलं तर चालतं ना?

बी-२०४ काकू : "छान" एकट्यानं येऊ नये. ऐकणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायच्या : कुठली ओळ लक्षात राहिली, कुठे लक्ष सुटलं, आणि एक प्रश्न. लिहिणाऱ्यानं तोपर्यंत गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. वाचायच्या आधीच "म्हणजे मला असं म्हणायचंय की" सुरू होतं. जे म्हणायचंय ते कागदावर नसेल तर ऐकणाऱ्याच्या प्रश्नातून कळेलच. शुद्धलेखन काढायचं नाही, कागद कुणी तपासायला घ्यायचा नाही. हयात माणसांवर, सोसायटीतल्या तर मुळीच, लिहायचं नाही.

सचिव, ए-१०१ : शेवटची सूचना विशेष आवडली.

बी-१०३ : पुस्तकविक्रीचं टेबल ठेवायचं का?

सचिव, ए-१०१ : दाराशी ठेवू, आत नको. लेखक २० टक्के सवलत देणार आहेत. यूपीआयचा क्यूआर कोड छापून आणा, शिवाय पाचशेचे सुटे ठेवा. चहा मध्यंतरात, प्रश्नोत्तरांनंतर. सुरुवातीला दिला तर कपबशा वाजत राहतात. लेखकांना वाचायच्या आधी कोमट पाणी, कोकम सरबत नंतर.

सचिव, ए-१०१ : तर असं : ६.४० सुरुवात, ७.०५ पर्यंत वाचन, ७.२५ पर्यंत प्रश्न, १० मिनिटं चहा, ७.३५ ला लेखन, ७.५० पासून गटांत वाचन, ८.३० ला आवरायला सुरुवात. साखळीवाले १५ मिनिटं जास्त घेतील. त्यांचा गट कमिटीच्या खोलीत बसवा, म्हणजे बाकीच्यांचं वाचन त्यांच्या कानावर येणार नाही.

ए-४०१ : एकरेघी फुलस्केप १०० कागद, ५० बॉलपेन, ४० पॅड. पॅड मिळाली नाहीत तर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापून चालतील. पेनं जेलची नकोत, दमट हवेत शाई पसरते.

सी-३०२ : इन्व्हर्टरवर हॉलचे दोनच दिवे आहेत आणि माइकचा प्लग त्यावर नाही. वीज गेली तर वाचणाऱ्याजवळ चार्जिंगचा दिवा हवा, डाव्या खांद्यामागून उजेड पडेल असा. माझ्याकडे एक आहे, दुसरा कुणी देईल का?

बी-१०३ : मी देते.

सचिव, ए-१०१ : सतरंज्या गुरुवारीच माळ्यावरून काढून पंख्याखाली पसरा. दोन महिने गुंडाळून पडल्यात, कुबट वास येत असणार. हॉलची चावी वॉचमनकडे राहील, ५ नंतर.