पहिला बाहेरचा फ्लॅश : मॅन्युअल घ्यावा की टीटीएल?

परळकर:
गणपती आणि लग्नसराई जवळ आली की नवा कॅमेरा घेतलेल्यांचा एकच प्रश्न असतो. घरातले फोटो पिवळे आणि हललेले येतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मारला तर चेहरा पांढराफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली. मग सहा-सात हजारांत बाहेरचा फ्लॅश कोणता घ्यायचा? बहुतेक सगळे सांगतात, थोडे पैसे वाढव आणि टीटीएलवालाच घे, म्हणजे ताकद कॅमेरा स्वतः ठरवेल. मला हा सल्ला पटत नाही. पहिला फ्लॅश मॅन्युअल, म्हणजे ताकद आपणच लावायचा, घ्यावा, गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६० फोर, आणि वाचलेल्या पैशांत चांगले सेल आणि चार्जर घ्यावा.

ताकदीचंच बघा. गोडॉक्सचा टीटीएलवाला टीटी६८५ आणि मॅन्युअल टीटी६००, दोघांचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ६०, दोन्ही फ्लॅशचं डोकं २०० मिमी झूमवर असताना, आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता). उजेड तेवढाच. जवळपास दुप्पट पैसे जातात ते कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या सर्किटचे.

गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर, एवढं गणित पुरतं (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं). फक्त खोक्यावरचा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. वायएन५६० चा ५८ हा १०५ मिमीचा आहे, ५० मिमीवर तो ४२ होतो. आता मुंबईतली नेहमीची खोली घ्या: दहा बाय बारा, पांढरं छत साडेनऊ फुटांवर. फ्लॅशचं तोंड वर केलं की उजेड छतापर्यंत सव्वा मीटर आणि तिथून माणसापर्यंत सव्वादोन, असा साडेतीन मीटर फिरतो. आयएसओ चौपट केला की आकडा दुप्पट, म्हणून आयएसओ ४०० ला ४२ चे ८४ होतात; ताकद पावपट केली की निम्मा, म्हणून १/४ ताकदीला परत ४२. भागिले साडेतीन, म्हणजे एफ/१२. छत निदान दोन स्टॉप खातं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), उरला एफ/६. म्हणून सुरुवात करायची ती आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/१२५, फ्लॅश १/४ अशी. एक फोटो काढून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा. उजव्या कडेला आपटत असेल तर १/८ करा. आरती संपेपर्यंत छत हलणार नाही, तर आकडा कशाला बदलायचा? चाळीस फोटो एकसारखे येतात आणि एकाला केलेली दुरुस्ती सगळ्यांना लागू पडते.

मंदप्रकाश:
परळकर, गणित बरोबर आहे, पण ते जागेवर बसलेल्या माणसांचं. नवरी मामाबरोबर हॉलच्या दारातून स्टेजकडे येते तेव्हा ती सहा मीटरवरून दोन मीटरवर दहा-बारा पावलांत पोचते. फ्लॅश सरळ मारत असाल तर तेवढ्यात उजेड नऊपट होतो, तीन स्टॉपच्या वर. १/४ पासून १/३२ पर्यंत बटण दाबत यायचं, वर फोकस सांभाळायचा आणि वाटेत आडवे येणारे नातेवाईक चुकवायचे. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एकदाच मिळतो. पहिला फोटो काढून हिस्टोग्राम बघण्याची सवड तिथे नसते.

एका पिनवर चालणाऱ्या, म्हणजे या मॅन्युअल, फ्लॅशमध्ये आणखी काय जातं ते नवख्याला कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याला फ्लॅश लावलाय हेच कळत नाही, म्हणून तो शटर फ्लॅशला चालणाऱ्या कमाल वेगाला, १/२०० ला, थोपवत नाही. चुकून १/५०० राहिलं की फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. लेन्स झूम केली तरी फ्लॅशचं डोकं झूम होत नाही. अंधारात फोकसला मदत करणारा लाल किरण कॅमेरा पेटवू शकत नाही. डीएसएलआरवर, मंद हॉलमध्ये, एफ/५.६ च्या किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सला) हा किरण फार उपयोगाचा असतो. मिररलेसवर त्याचा फायदा नाही, हेही सांगतो.

आता मोठ्या हॉलचं गणित तुमच्याच पद्धतीने. छत वीस फूट. उजेड वर साडेचार मीटर, खाली पाच-साडेपाच, मिळून दहा. आयएसओ ४०० ला पूर्ण ताकद ८४, भागिले १० म्हणजे एफ/८.४, छताचे दोन स्टॉप वजा करा, एफ/४. किट लेन्सचा झूम पुढे केला की तेवढं अ‍ॅपर्चरच उघडत नाही. पूर्ण ताकदीला पुन्हा चार्ज व्हायला अडीच सेकंद जातात आणि त्यात एका पिनवाल्याचा चार्ज झाल्याचा दिवा कॅमेऱ्यातून दिसत नाही. नवखा बटण दाबतो, फ्लॅश पडत नाही, फोटो काळा. टीटीएलवाला असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये विजेची खूण दिसते.

सायली_वसई:
हॉलमध्ये आयएसओ ४०० वर अडून बसायचंच कशाला? १६०० करा, दोन स्टॉप मिळाले, तीच १/१ ची गरज १/४ वर आली. फ्लॅश तापत नाही, लगेच भरतो. आजच्या कुठल्याही एपीएस-सी सेन्सरचा (नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात असतो त्या आकाराचा) १६०० चा फोटो अल्बमला चालतो. पूर्ण ताकदीचे वीस-तीस फोटो सलग मारले तर पुढची प्लास्टिकची भिंग-पट्टी तापून वितळू शकते. टीटीएल असो की मॅन्युअल, त्याला दहा मिनिटं विश्रांती द्यावीच लागते.

टीटीएल फसतं कुठे तेही सांगायला हवं, नाहीतर माणूस दुप्पट पैसे देतो आणि फोटो तरी काळवंडलेलेच येतात. फ्लॅश आधी एक बारीक झलक टाकतो, कॅमेरा ती मोजतो आणि सगळं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून ताकद ठरवतो. मखराला आरसे, चमकी, मागे सोनेरी कागद असला की झलक उलटून येते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि मूर्तीचा चेहरा काळा पडतो. पांढऱ्या सदऱ्यातल्या बटूचं तसंच. काळ्या सुटातल्या नवऱ्याचं उलट, त्याचा चेहरा उडतो. नवरा-नवरी शेजारी उभे असतील तर कोण फ्रेममध्ये जास्त जागा घेतं त्यावर फोटो उजळ की काळा ते ठरतं. उपाय आहे: पांढऱ्याला फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद कमी-जास्त करायची सोय) +१ च्या आसपास, काळ्याला -२/३. पण हे ज्याला जमलं त्याला मॅन्युअलही जमतं. शिवाय त्या झलकेने काही जणांचे डोळे नेमके फोटोच्या वेळी मिटतात.

खारघरचा वारा:
तुम्ही तिघं ज्यावर वाद घालताय तो प्रश्न अनेकांच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या हॉट शूनेच, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेनेच, निकालात काढलेला असतो. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी टू या बॉडींच्या हॉट शूमधून मधली मोठी पिन काढून टाकली. आपल्याकडे नवशिक्यांनी घेतलेले बरेच कॅमेरे हेच. टीटी६०० आणि वायएन५६० पेटतात फक्त त्या मधल्या पिनने. या बॉडीवर ते बसतील, दिवा लागेल, टेस्ट बटणाने उडतीलही, पण शटर दाबल्यावर काहीही होणार नाही. लोक फ्लॅश खराब म्हणून परत करायला जातात, आणि फ्लॅशमध्ये काही बिघाड नसतो.

म्हणून पहिलं काम: कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं शू-कव्हर सरकवून आत बघा. मधोमध गोल, मोठा धातूचा ठिपका आहे का? फक्त मागे चार छोटे ठिपके असतील तर मॅन्युअल फ्लॅश वर बसवण्याचा विषय संपला. कॅननची भाषा बोलणारा टीटीएल फ्लॅशच हवा, टीटी६८५ चा कॅननवाला, आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) ताजं असलं पाहिजे. दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा आणि काउंटरवरच शटर दाबून बघा.

निकॉनवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. डी३५०० आणि डी५६०० वर मधली पिन आहे, टीटी६०० चालतो. पण या बॉडी हाय स्पीड सिंक, म्हणजे १/२०० च्या वरच्या वेगवान शटरला फ्लॅश, करतच नाहीत. तेव्हा "१/८००० ला चालतो" या जाहिरातीपायी पैसे वाढवू नका. सोनीला टीटी६०० नव्हे, टीटी६००एस लागतो. त्याचा शू वेगळा आहे.

परळकर:
खारघरचा वारा, मान्य. पिन नसलेल्या बॉडीवर वर बसवायचा असेल तर माझा सल्ला लागू नाही, सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पण त्यांनाही टीटी६०० वाया जात नाही, तो कॅमेऱ्यावरून उतरवून वापरता येतो. फ्लॅश एस२ मोडवर, म्हणजे दुसरा फ्लॅश पाहून उडण्याच्या मोडवर, टाका, कपाटावर किंवा छोट्या स्टँडवर ठेवा, तोंड छताकडे, समोरचा सेन्सर कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उघडून कॉम्पेन्सेशन -२ करा. एस२ पहिली झलक सोडून देतो आणि खऱ्या फ्लॅशबरोबर उडतो. एस१ वर ठेवलात तर झलकेलाच उडेल आणि फोटोत उजेड येणार नाही, बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घरात हे उत्तम चालतं, उन्हात नाही. हॉलमध्येही नाही, कारण दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक फ्लॅशला तुमचा उडत राहतो. तिथे रेडिओ ट्रिगरच (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र) हवा, चॅनल आणि आयडी आपला वेगळा लावून.

मंदप्रकाश:
आणि तो ट्रिगर घेतला की हिशेब कुठे जातो? टीटी६०० अधिक गोडॉक्सचा एक्स२टी ट्रिगर म्हणजे टीटी६८५ च्या जवळपास पोचलात. मग वाचलं काय? टीटी६८५ लाही एम मोड आहे, बाजूला ठेवायला रेडिओ रिसीव्हरही आहे. ज्याला शिकायचं आहे त्याने एम वर शिकावं, आणि नवरी दारात आली की टीटीएल लावावं.

सायली_वसई:
वाचतं ते कॅमेरा बदलताना. टीटी६८५ कॅननचा घेतला आणि उद्या निकॉनवर गेलात तर कॅमेऱ्यावर बसवून त्याचं टीटीएल गेलं, राहिला महागडा मॅन्युअल. टीटी६०० कॅनन, निकॉन दोन्हीवर तोच. ट्रिगर मात्र बदलावा लागेल, तो ब्रँडप्रमाणे येतो. आणि बाजूने, छत्रीतून पडलेला उजेड डोक्यावरच्या कुठल्याच टीटीएलने मिळत नाही. घरच्या मुंजीचे, बाळाचे फोटो काढणाऱ्याला मी आजही टीटी६०० आणि ट्रिगरच सांगेन. लग्नाच्या कामाला जाणाऱ्याला टीटी६८५. इथपर्यंत मंदप्रकाशांशी माझं भांडण नाही.

मंदप्रकाश:
पण लोक एकच फ्लॅश घेतात, सायली, आणि घरची मुंज असली तरी पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न असतं. मी टीटीएलवरच ठाम आहे.

खारघरचा वारा:
सेलबद्दल कोणीच बोललं नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. रिमोटमधले साधे पेन्सिल सेल अजिबात घालू नका. अल्कलाइनही लवकर दम टाकतात, कारण फ्लॅश भरताना एकदम मोठा करंट ओढतो. एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) रिचार्जेबल, १.२ व्होल्टचे, २००० एमएएच, पडून राहिले तरी न उतरणारे घ्या, चार-चारचे दोन संच. मार्करने अ आणि ब लिहा, संच मिसळू नका, नाहीतर एक कमजोर सेल बाकी तिघांना खाली खेचतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा हवा. टीटी६०० ला चांगल्या सेलवर पूर्ण ताकदीचे साधारण २३० फ्लॅश आणि २.६ सेकंदांत चार्ज असं कंपनी सांगते. १/४ वर वापरलात तर दिवस निघतो. यूएसबीने भरणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मोहात पाडतात, पण त्यांच्या आतलं सर्किट मोठ्या करंटला मधेच बंद पडू शकतं.

पावसाळ्यात काम झालं की सेल काढून ठेवा. आपल्या दमट हवेत सेल आत राहिले की टोकांवर हिरवट थर चढतो. खोडरबराने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो. डब्यात सिलिका जेल ठेवा. महिन्यातून एकदा फ्लॅश पंधरा मिनिटं चालू ठेवून आठ-दहा वेळा उडवा, आतला वीज साठवणारा कपॅसिटर ताजा राहतो. आणि बिघडला तरी घरी उघडू नका. सेल काढल्यावरही आत तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असू शकतात.

परळकर:
फोर्टात बोरा बाजारात सेकंडहँड बघणाऱ्यांसाठी जोडतो. पुढच्या भिंगातून नळी बघा, टोकं काळी पडली असतील तर भरपूर वापरलेला आहे. भिंग पिवळं किंवा मधोमध सुरकुतलेलं असेल तर तापवलेला आहे. पाय प्लास्टिकचा आहे की धातूचा, त्याला चीर आहे का, ते उलटा धरून पाहा. पूर्ण ताकदीला दहा वेळा उडवा, चार्ज व्हायची वेळ दर वेळी सारखी हवी. डोकं प्रत्येक टप्प्यावर थांबलं पाहिजे, लेन्सकडे गळता कामा नये.

फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश फुकट मिळाला तरी मोजल्याशिवाय डिजिटलवर लावू नका. व्हिविटार २८३ च्या जुन्या प्रतींमध्ये ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे पायातून कॅमेऱ्याकडे येणारं व्होल्टेज, दोनशेच्या वर असतं. फ्लॅश चार्ज होऊ द्या, मल्टिमीटर डीसीवर, लाल काडी पायाच्या मधल्या ठिपक्याला, काळी कडेच्या धातूला. सहाच्या आत असेल तर कुठेही लावा. त्यावर असेल तर कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघा, ती सापडली नाही तर लावू नका.

सायली, एक राहिलं. मंडपात छताला लाल-पिवळं कापड असतं, तिथे बाउन्स केला, म्हणजे छतावरून उजेड परतवला, की सगळे चेहरे लाल. तिथे काय सांगता?

सायली_वसई:
तिथे बाउन्स विसरायचा. फ्लॅशचं डोकं सरळ, झूम ५० वर, पुढे अर्ध्या गडदपणाची नारिंगी जिलेटीन (पारदर्शक रंगीत कागद) चिकटपट्टीने लावा, म्हणजे फ्लॅशचा रंग मंडपातल्या पिवळ्या दिव्यांच्या जवळ जातो आणि मागचं मखर पिवळंजर्द दिसत नाही. व्हाइट बॅलन्स साधारण ३८०० केल्विन. आयएसओ ८००, एफ/५.६, माणूस तीन मीटरवर, तर जिलेटीन धरून १/३२. शटर १/६० ठेवा, मागची रोषणाई फोटोत उतरते. चेहरा फार चमकला तर १/६४ करा. एवढ्या कमी ताकदीला फ्लॅश क्षणात भरतो. आणि गर्दीत एक पाऊल मागेपुढे झालं, म्हणजे तीनचे साडेतीन मीटर, तर फरक अर्ध्या स्टॉपच्या आतच राहतो. रॉ मध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर तो सहज निघतो.